वालीवच्या नळाचा रिपोर्ट कुठे आहे?

पाणी बिघडले की वालीवमध्ये ते सगळ्यात आधी औषधाच्या दुकानात कळते. वर्तमानपत्रात यायला आठवडा जातो, सरकारी नोंदीत चढायला दोन-चार दिवस लागतात. आमच्या काउंटरवर मात्र ते त्याच दिवशी दिवेलागणीला कळते. एरवी ओआरएसची पाकिटे अधूनमधून जातात. मग एखाद्या संध्याकाळी माणसे पाठोपाठ येऊ लागतात. कुणाचा मुलगा सकाळपासून निपचित पडलाय, कुणाचा गाळ्यात काम करणारा भाऊ अर्ध्या दिवसातून परत आलाय. "ताई, जुलाब थांबतील असं काहीतरी द्या." "दीदी, रात से पेट चल रहा है." मी प्रत्येकाला विचारते, राहता कुठे? तीन-चार जणांचे उत्तर एकाच गल्लीचे आले की पुढचे मला कुणी सांगावे लागत नाही. त्या गल्लीत कुठेतरी गटार आणि नळ एकमेकांना भेटलेले असतात.

महापालिका नव्हती तेव्हापासून मी वालीव नाक्याच्या परिसरात औषधाचे दुकान चालवते आहे. वालीव बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. वसई स्टेशनच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाताना लागणारा हा पट्टा. इथे एमआयडीसी नाही. खासगी इस्टेटींतले गाळे आहेत, ओळीने, गोलाणी नाक्यापासून सातिवलीपर्यंत. प्लास्टिकचे दाणे, खिळे, बॅगा, खोके, मशीनचे सुटे भाग, सगळे इथे होते. काम करणारी माणसे गाळ्यांच्या मागच्या चाळींत राहतात, एका खोलीत पाच-सहा जण. शेजारी नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत, आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याला आदिवासी पाडे आहेत, ते आमच्या सगळ्यांच्या आधीपासून. या एवढ्या जागेत पाणी मात्र पाच तऱ्हांचे: नळाचे, टँकरचे, बोअरचे, विहिरीचे आणि वीस लिटरच्या जारचे. एकाच घरात प्यायला एक, भांड्यांना दुसरे आणि आंघोळीला तिसरे अशी वाटणी असते. ती वाटणी घरातली बाई आपल्या अंदाजाने करते, कारण यातले कुठले पाणी कसे आहे हे तिला आजवर कुणी कागदावर लिहून दिलेले नाही.

पाण्याची चर्चा आमच्याकडे नाही असे नाही. वसई-विरारमध्ये गेली तीस-पस्तीस वर्षे दुसरी कसली चर्चाच नाही म्हटले तरी चालेल. पण ती सगळी एमएलडीमध्ये होते. एक एमएलडी म्हणजे दहा लाख लिटर रोज. उसगाव धरणाचे २०, पेल्हारचे १०, सूर्या प्रकल्पाच्या जुन्या योजनांचे शंभर आणि शंभर. हे आकडे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. त्यानंतर एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक योजना आली, एकूण ४०३ एमएलडीची. त्यातले १८५ आमचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे. मेंढवण खिंडीत आणि तुंगारेश्वरच्या डोंगरात बोगदे खोदून ते पाणी आणले. २०२३ मध्ये ते दारात येऊन उद्घाटनासाठी थांबले आहे म्हणून आंदोलने झाली, आणि वर्ष संपता संपता ते सुरू झाले. चांगले झाले. चार दिवसांनी एकदा येणाऱ्या पाण्यावर ज्यांनी संसार केले त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की 'किती' हा प्रश्न आपण इतकी वर्षे विचारत राहिलो की 'कसे' हा प्रश्न विचारायचा राहून गेला. किती एमएलडी आले हे वालीवचा माणूस सांगू शकतो. काल त्याच्या नळाला आलेल्या पाण्यात क्लोरीन किती होते, महिनाभरात त्याच्या वस्तीतले किती नमुने तपासले आणि त्यातले किती दूषित निघाले, हे तो सांगू शकत नाही. ते त्याला सांगितले गेले पाहिजे, रोज आणि न मागता.

धामणी धरणातून सूर्या नदीत आलेले पाणी मासवणला उचलतात आणि धुकटणच्या केंद्रात शुद्ध करतात. नव्या योजनेचे शुद्धीकरण केंद्र सूर्यानगरला आहे. तुरटी, गाळण, क्लोरीन, सगळे तिथे होते. तिथून निघणारे पाणी चांगले असते यावर माझा विश्वास आहे. महापालिका पाणी तपासत नाही असेही मी म्हणत नाही. पण केंद्रातून निघालेले पाणी आणि चाळीतल्या कळशीत पडलेले पाणी यांच्यामध्ये कितीतरी किलोमीटरचे पाइप, जलकुंभ, व्हॉल्व्ह आणि सांधे आहेत, आणि शेवटी येते ती सर्व्हिस लाइन. ही शेवटची लाइन कुणीही वालीवमध्ये चालत जाऊन पाहावी. इंचभर जाडीचे लोखंडी पाइप जुडीने उघड्या गटारातून गेलेले असतात. लोखंड गंजते, सांध्याला गुंडाळलेला दोरा सुटतो, कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी बांधून गळती थांबवलेली असते. वर त्याच गटारात शेजारच्या सेप्टिक टँकचे ओव्हरफ्लो होणारे पाणी वाहत असते. मलनिस्सारणाची अवस्था अशी की शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली, पण अनेक वर्षे सांडपाणी शुद्ध करायला बोळींजचे ३० एमएलडीचे एकच केंद्र होते. बाकीचे सांडपाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जात राहिले. पिण्याच्या पाण्याचे पाइप अशा शहराच्या गटारांतून जातात.

पाइपात पाणी दाबाने वाहते आहे तोवर गळतीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचे आत शिरते. आपल्याकडे पाणी दिवसातून काही तास येते, म्हणजे पाइप रोज रिकामा होतो. त्यात पाणी आल्याबरोबर लोक थेट लाइनवर मोटर लावतात, मग तो पाइप आजूबाजूचे सगळे शोषून घेतो. मोटर लावणाऱ्या एकट्यालाच मी दोष देत नाही. दाब नसेल तर वरच्या मजल्यावरचा माणूस काय करणार? पण त्याच्या मोटरने ओढलेली घाण खालच्या खोलीतल्या बाळाच्या दुधात जाते, हे त्याला एकदा तरी कुणीतरी समजावून सांगायला हवे.

इथल्या बायका नळ आल्यावर पहिली काही मिनिटे पाणी सोडून देतात, नाहीतर बादलीत धरून संडासाला वापरतात. शिकलेली माणसे याला नासाडी म्हणतात. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, हुबळी-धारवाडमध्ये, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याचा अभ्यास केला. तिथे काही भागांत चोवीस तास पाणी येत होते आणि बाकीच्या शहरात काही दिवसांनी एकदा. दोन्हीकडचे नमुने तपासले तेव्हा थांबून-थांबून येणाऱ्या पाण्यात जंतू कितीतरी जास्त वेळा सापडले, आणि पुरवठा सुरू झाल्यावरची पहिली धार विशेष वाईट निघाली. वालीवच्या बायका ते प्रयोगशाळेशिवाय ओळखून आहेत. त्यांना कमी माहिती आहे असे समजून त्यांच्यापासून आकडे लपवण्याचे काही कारण नाही.

सोसायट्यांचे दुखणे निराळे आहे. नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, तिथून पंपाने गच्चीवर जाते. ती खालची टाकी बहुतेक वेळा पार्किंगच्या फरशीखाली असते, सेप्टिक टँकपासून पाच-दहा पावलांवर. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, वीज गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा आमच्या पट्ट्यातही तळमजल्यात गुडघाभर पाणी होते. म्हणजे त्या टाक्यांची झाकणे पाण्याखाली होती, आणि सेप्टिक टँकची झाकणेही त्याच पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरे धुतली, गाद्या वाळवल्या. टाकी उपसून ब्लीचिंग पावडरने धुवावी हे किती सोसायट्यांच्या लक्षात आले? त्यानंतरच्या दिवसांत माझ्या दुकानात रांग होती. दरवर्षी तसा पूर येत नाही, पण घोटाभर पाणी दरवर्षी येते, आणि टाकीत शिरायला तेवढे पुरते.

आता मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट सांगते. जुलाब झालेल्या मुलाला काय द्यायचे हे आज जगाला ठाऊक आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारो लोकांना कॉलऱ्यातून वाचवले. त्या पाण्याचे आजचे रूप म्हणजे ओआरएसचे पाकीट. सोबत मुलाला चौदा दिवस झिंक. मी प्रत्येक आईला हे सांगते: पाकीट अर्धे-अर्धे करू नका, पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवा, उरले तर फेका. नॉरफ्लॉक्सची गोळी चिठ्ठीशिवाय मागितली तर देत नाही, त्यावरून भांडणेही होतात. पण एक लिटर पाण्यात म्हटले की समोरची बाई विचारते, "कुठलं पाणी घेऊ, ताई?" हा प्रश्न तिने विचारला नाही तरी तो माझ्या डोक्यात असतोच. ज्या पाण्याने मूल आजारी पडले त्याच पाण्यात मी तिला औषध कालवायला सांगते आहे. उकळून घ्या, मी म्हणते. तिच्या घरी पाच किलोचा छोटा सिलिंडर, तो काळ्या बाजारातून भरून आणलेला, आणि त्यावर सहा माणसांचा स्वयंपाक. तरी ती मुलासाठी उकळते. घरातली बाकीची पाच माणसे तेच पाणी तसेच पितात, आणि दोन दिवसांनी त्यांच्यातले कुणीतरी माझ्याकडे येते.

ज्यांना परवडते ते नळावर विश्वासच ठेवत नाहीत. सोसायट्यांमध्ये फिल्टर विकायला येणाऱ्यांचा एक खेळ मी अनेकदा पाहिला आहे. नळाच्या पाण्याच्या ग्लासात दोन धातूंच्या कांड्या सोडतात, वीज लावतात, पाणी मातकट होऊन वर फेस येतो. घरातली माणसे हादरतात. तो गाळ त्या कांड्यांच्याच धातूचा असतो. पाण्यात विरघळलेले क्षार विजेला वाट देतात आणि लोखंडाची कांडी गंजून पाण्यात उतरते. मग टीडीएसचे यंत्र बुडवून आकडा दाखवतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यावरून जंतूंचे काहीच कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जंगलातून, डोंगरातून येणारे सूर्याचे पाणी त्यामानाने पुष्कळ गोडे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, जिथे टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथे आरओ यंत्रांवर बंदी घाला, असे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते, कारण ही यंत्रे एक ग्लास गाळताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतात. बोअरचे खारट पाणी ज्यांना प्यावे लागते त्यांची गोष्ट वेगळी. पण नळाच्या पाण्यात जे मारते ते जंतू, आणि त्या मानकात ई-कोलायसाठी सवलत नाही: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

मोरीत जाणारे ते पाणी कुणाचे आहे हेही आपण विसरू नये. सूर्या प्रकल्प बांधला तो डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला पाणी द्यायला. ते पाणी शहरांकडे वळवले म्हणून तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी सूर्या पाणी बचाव संघर्ष समिती काढून वर्षानुवर्षे लढा दिला. आमची वसईही कधीकाळी देणाऱ्याच्या जागी होती. पश्चिमेच्या वाड्यांतली बावखले, म्हणजे छोटी तळी, आणि विहिरी उपसून टँकरने बांधकामांना पाणी नेले जात होते तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने रस्त्यावर उतरून विरोध केला होता. दुसऱ्याच्या शेताचे पाणी आणायचे, ते गटारातल्या पाइपात बिघडवायचे, मग यंत्र लावून त्यातले निम्म्याहून अधिक सांडायचे. डहाणूच्या शेतकऱ्याने मला याचा जाब विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही.

जारचे पाणी हा सुटकेचा मार्ग आहे असे गाळ्यांतल्या कामगारांना वाटते. ते पुण्याने खोटे ठरवले. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातपाय लुळे पडत होते, काहींना व्हेंटिलेटर लागला, रुग्णांचा आकडा दोनशेवर गेला, मृत्यू झाले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. नांदेड गावची मोठी विहीर चर्चेत आली. त्या विहिरीचे पाणी गाळण न होता फक्त क्लोरीन टाकून वाटले जात होते. आणि परिसरातल्या खासगी आरओ केंद्रांचे पाणी तपासले तेव्हा त्यातलेही नमुने पिण्यास अयोग्य निघाले. ही गावे पुणे महापालिकेत नव्याने आलेली होती. कर शहराचा सुरू झाला, पाण्याची व्यवस्था गावचीच राहिली.

पुण्याच्या बातम्या वाचताना मला वालीव दिसत होते. २००९ च्या जुलैत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून महापालिका झाली, आणि आम्ही शहर झालो. गावात राहिलो असतो तर निदान एक गोष्ट मिळाली असती. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याची पाहणी होते आणि त्यावरून त्यांना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. गावात जलसुरक्षक असतो, त्याने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नीट टाकली की नाही ते नळाचे पाणी घेऊन ओटी टेस्टने पाहतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणीचा संच वापरायला शिकवायचे ठरले. विरारच्या पलीकडच्या खेड्यातल्या बाईला आपल्या गावचे कार्ड लाल की हिरवे हे विचारता येते. वालीवच्या बाईला तो हक्क नाही, कारण ती शहरात राहते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हटले आहे. गटाराच्या चवीचे पाणी पोहोचवून ते कर्तव्य पुरे होत नाही.

शहरातही हे जमते. ओडिशातल्या पुरी शहराने २०२१ च्या जुलैत थेट नळातून पिण्याजोगे पाणी चोवीस तास द्यायला सुरुवात केली. तिथे 'जलसाथी' म्हणून बचत गटांतल्या बायका घरोघर जातात, मीटर वाचतात, बिल गोळा करतात आणि त्याच फेरीत नळाचे पाणी तपासून दाखवतात. घरातल्या माणसासमोर, त्याच्याच पाण्यावर. आपल्या राज्यातल्या मलकापूरने, कराडशेजारच्या छोट्या गावाने, मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायचे काम पुरीच्या कितीतरी आधी करून दाखवले. त्यामुळे वसई-विरार मोठे आहे, इथे जमणार नाही, हे मला पटत नाही. सगळीकडे एकदम चोवीस तास पाणी उद्या येणार नाही हे मान्य. पण पाइप गटारातून बाहेर काढणे, सोसायट्यांच्या टाक्या वर्षातून दोनदा धुतल्या की नाही ते पाहणे, लाइन दुरुस्त केल्यावर ती धुऊन मगच पाणी सोडणे आणि त्या गल्लीला तसा निरोप देणे, याला कुठल्या धरणाची वाट पाहावी लागत नाही. वालीवमध्ये बचत गट पुष्कळ आहेत. त्यांना क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातले क्लोरीन मोजायचा छोटा संच, द्या. त्याला हजारो रुपये लागत नाहीत.

आणि ते आकडे भिंतीवर लावा. वालीवच्या 'जी' प्रभाग समितीच्या कार्यालयाबाहेर एक फळा हवा: आज कुठल्या वस्तीत, लाइनच्या शेवटच्या टोकाच्या नळाला, क्लोरीन किती होते. लिटरला ०.२ मिलिग्रॅम हा किमान आकडा, त्याच्या खाली गेले तर लाल खडूने लिहा. महिन्याचे जंतू-तपासणीचे निकाल वस्तीवार लावा. नमुना जलकुंभावरून किंवा कार्यालयाच्या नळावरून घेऊ नका. तो चाळीच्या सार्वजनिक नळावरून, पाड्यावरून, शाळेच्या टाकीतून, गाळ्यातल्या माठातून घ्या. टँकरवर तो कुठल्या विहिरीतून किंवा बोअरमधून भरला आणि त्या विहिरीची तपासणी कधी झाली याचा कागद चिकटवलेला असावा; नसेल तर तो टँकर पिण्याच्या पाण्याचा नाही असे धरावे. लोक घाबरतील, असे अधिकारी सांगतील. लोक आताही घाबरलेलेच आहेत, म्हणून तर जार आणि फिल्टरचा धंदा चालतो. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासक होते, विचारायचे तर कुणाला हा प्रश्न होता. २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली, आता नगरसेवक आहेत. मते मागायला आलेल्या प्रत्येकाने पाण्याचा शब्द दिला होता. त्यांच्याकडे मला एमएलडीचा हिशेब नको आहे, त्यांच्या स्वतःच्या वॉर्डातल्या शेवटच्या नळाचा रिपोर्ट हवा आहे.

तो रिपोर्ट वेळेवर का हवा, तेही सांगते. इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची साथ भोगली. तेही आमच्यासारखेच कामगारांचे गाव, मागावर पोट असलेले. हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे आजार दिसतो तेव्हा पाणी बिघडून महिना उलटलेला असतो आणि तोवर ते किती घरांत गेले याला माप नसते. साथ उशिरा कळण्याची किंमत अशी असते.

साथीची कुणकुण लवकर कुठे लागते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे मिशिगन सरोवराकाठी मिलवॉकी शहर आहे. १९९३ च्या वसंतात तिथल्या एका शुद्धीकरण केंद्रातून गढूळ पाणी गेले आणि क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू घरोघर पोहोचला. नंतरच्या अंदाजाप्रमाणे चार लाखांवर माणसे आजारी पडली. सगळी यंत्रे, सगळ्या प्रयोगशाळा असलेल्या त्या शहरातही पहिल्या खुणांपैकी एक मिळाली ती औषधाच्या दुकानांतून: जुलाबाच्या औषधांची कपाटे रिकामी होत होती आणि केमिस्टने आरोग्य खात्याला फोन करून ते कळवले. आपल्याकडे साथरोग सर्वेक्षणाची व्यवस्था आहे. त्यात आरोग्य सेविकेने भरायचा नमुना आहे, डॉक्टरांचा आहे, प्रयोगशाळेचा आहे. औषध दुकानदाराला त्यात जागा नाही. पण वालीवचा जो कामगार एक दिवस बुडाला तर पगार कापला जातो म्हणून दवाखान्यात जात नाही, तो आमच्याकडेच येतो. त्याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून माझी एक मागणी माझ्याच धंद्यातल्या लोकांच्या वतीने आहे. वालीव, सातिवली, गावराईपाडा, भोयदापाडा, धुमाळनगर, जिथे जिथे औषधाची दुकाने आहेत तिथून ओआरएस, झिंक आणि जुलाबाच्या औषधांची रोजची विक्री एका फोनवर घ्या. गिऱ्हाइकाचे नाव नको, फक्त वस्तीचे नाव आणि किती पाकिटे. दुकान बंद करताना दोन मिनिटांचे काम आहे. एखाद्या वस्तीचा आकडा एकदम वर गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, नळ येण्याच्या वेळेला, महापालिकेचा माणूस नमुन्याची बाटली घेऊन त्या गल्लीत उभा असला पाहिजे. आम्ही माहिती द्यायला तयार आहोत. ती कुणाला द्यायची, त्याचे नाव आणि नंबर पावसाळा सुरू होण्याआधी महापालिकेने आम्हाला कळवावा.